धुतलेल्या कपड्याला वास का येतो?



जरा पुढे सरकून बसा. बाहेर पाऊस आहे, मागच्यांना ऐकू यायचे नाही.

आज आम्ही एका साध्या गोष्टीविषयी बोलणार आहोत. धुतलेल्या कपड्यांविषयी. तुम्ही म्हणाल, कपडे धुणे काय आम्हांला शिकवायचे? आमच्या आजीने धुतले, आईने धुतले, आम्ही धुतो. खरे आहे. धुणे आम्ही शिकवणार नाही. ते तुम्हांला आमच्याहून चांगले येते. आम्ही बोलणार आहोत ते धुतल्यानंतरचे.

आषाढ-श्रावणात घराघरांतून एक बोलणे ऐकू येते. सासू सदरा नाकाला लावते आणि म्हणते, "अगं, धुतलास की नुसता बुचकळलास? वास मारतोय याला." सून बिचारी काय बोलणार? तिने तो सदरा दगडावर आपटलेला असतो. साबण लावून दोन पाण्यांतून काढलेला असतो. तरी कुबट वास आहे. मग दुसऱ्या दिवशी ती जास्त साबण लावते, जास्त आपटते. सदरा विरतो, वास जात नाही.

एकदा आम्ही एका गावच्या शाळेत गेलो होतो. चौथीच्या वर्गात एक मुलगा सगळ्यांत मागे एकटाच बसला होता. आम्ही बाईंना विचारले. त्या हळूच म्हणाल्या, "त्याच्या कपड्यांना वास येतो. पोरं जवळ बसत नाहीत." शाळा सुटल्यावर आम्ही त्याच्या घरी गेलो. घर लहान, पण ओटी सारवलेली, भांडी लखलखीत. त्याची आई म्हणाली, "गणवेश एकच आहे. रोज रात्री जेवणं झाली की धुते. सकाळी ओलसरच घालून पाठवते. दुसरं काय करू?" सांगताना तिचे डोळे भरून आले. वाडीत तिला आळशी म्हणत. रोज रात्री जी बाई धुवायला बसते, तिला आळशी म्हणत!

त्या बाईचे काय चुकत होते ते आपण पाहू. धुण्यात काही चुकत नव्हते, हे आधीच सांगून ठेवतो.

आंबोळीचे पीठ तुम्ही रात्री भिजवून ठेवता. सकाळी ते फुगते, त्याला आंबूस वास येतो. हे कोण करते? डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव करतात. त्यांना आपण जंतू म्हणतो. ते सगळीकडे असतात. पिठात असतात, मातीत असतात, आपल्या अंगावरही असतात. ओल मिळाली, थोडी ऊब मिळाली आणि खायला मिळाले, की ते वाढतात.

ओल्या कपड्यात हेच घडते. कितीही धुतले तरी अंगाचा थोडा तेलकटपणा, थोडा घाम, थोडा मळ धाग्यांत राहतोच. जंतूंना तेवढे पुरते. ते खातात, वाढतात आणि वास सोडतात. पीठ आंबले तर आंबोळी चांगली होते. सदरा आंबला तर काय होणार?

आता थोडा हिशेब करू. पाटी-पेन्सिल घ्या. एक जंतू आहे. तासाभरात एकाचे दोन होतात असे धरा. दोन तासांनी ४. तीन तासांनी ८. असे दुप्पट करत जा. दहा तासांनी किती होतील? १,०२४. आणि वीस तासांनी? दहा लाखांच्या वर. म्हणजे कपडा चार तासांत वाळला, तर जंतूंची गडबड सुरू व्हायच्या आतच त्यांचे पाणी तुटते. तोच कपडा वीस तास ओला राहिला, तर त्यात जत्रा भरते.

पटत नसेल तर वैशाख आठवा. हीच बाई, हाच साबण, हीच विहीर. तेव्हा कुबट वास येतो का? नाही. दोन तासांत कपडा कडक वाळतो. ओला पेंढा कोणी गंजीत घातला, तर तो आतून तापतो, काळा पडतो, वास मारतो. शेतकरी तेव्हा म्हणतो, "पेंढा ओला रचला." पेंढा धुतला नाही, असे कोणी म्हणत नाही. मग सदऱ्याच्या बाबतीत बाईला का बोल लावायचा?

वास मळाचा नसतो. कपडा किती तास ओला राहिला, त्याचा तो वास असतो.

आता वाळणे म्हणजे काय? हवा कपड्यातले पाणी पिऊन टाकते. कोरडी हवा भराभर पिते. पण पावसाळ्यात हवेचे पोट आधीच भरलेले असते. सोलापूरकडे वर्षाला ५५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. रत्नागिरीकडे ३,००० मिलिमीटरच्या वर पडतो. महाबळेश्वरला ५,५०० च्या वर. तिथली हवा जुलै महिन्यात आणखी पाणी ते किती पिणार? म्हणून हवेवर भार कमी टाकायचा. जितके पाणी हातांनी काढता येईल तितके आधीच काढायचे.

म्हणजे पिळायचे. तुम्ही म्हणाल, पिळतोच की. पिळता, पण एकट्याने. एकट्या बाईने साडी पिळली, चादर पिळली, की टांगल्यावर खालचा काठ टपटपत राहतो. हाताने पिळलेल्या सुती कपड्यात जवळजवळ त्याच्या वजनाइतके पाणी राहते. घरातले रोजचे कपडे चार किलो धरा. म्हणजे तुम्ही चार लिटर पाणी, चार तांबे भरून, वलणीवर टांगून ठेवता. हे पाणी कमी करायचे तर दोन माणसे हवीत. एकाने एक टोक धरायचे, दुसऱ्याने दुसरे. उलट्या दिशांनी पीळ द्यायचा. हे दुसरे माणूस कोण? घरात धनी आहेत, थोरला मुलगा आहे. नांगर धरणाऱ्या हाताला चादर पिळता येत नाही, असे आम्ही तरी कुठे ऐकले नाही.

पिळून झाल्यावर आणखी एक युक्ती आहे. कोरडा जाड पंचा पसरायचा. त्यावर ओला सदरा ठेवायचा. दोन्हींची मिळून गुंडाळी करायची आणि ती पुन्हा पिळायची. सदऱ्यातले पाणी पंचा ओढून घेतो. मग सदरा जोराने झटकायचा. झटकल्याने चिकटलेले धागे सुटे होतात आणि सुरकुत्या मोडतात. त्या मुलाच्या आईला आम्ही हेच सांगितले. आणखी एक गोष्ट सांगितली. रात्री धुवू नका. मुलगा शाळेतून आला की लगेच गणवेश काढून घ्या आणि चूल पेटायच्या आत धुवून टाका. म्हणजे संध्याकाळच्या चुलीची सगळी ऊब त्याला मिळेल. ती म्हणाली, "एवढंच?" एवढेच. मध्ये चार-पाच तासांचा फरक पडतो. आपला हिशेब आठवा.

चुलीची ऊब चांगली, पण कपडा चुलीवर टांगू नका. दोरी तुटली, कपडा खाली आला, तर घर पेटेल. चुलीपासून दोन-तीन हात बाजूला, उंचावर आडवी काठी बांधा. धूर लागतो तिथे बांधू नका. नाहीतर कुबट वास जाईल आणि धुरकट वास येईल.

ऊब असली तरी वारा लागतोच. पुष्कळ बाया पाऊस आला की कपडे आतल्या खोलीत घालतात आणि दार-खिडकी लावून घेतात. बाहेरची ओल आत येऊ नये, असे त्यांना वाटते. पण कपड्यातले चार तांबे पाणी जायचे कुठे? ते खोलीतच राहते. भिंत ओली होते, गादी ओली होते, कपडा ओलाच राहतो. आडोशाला, पडवीत, जिथे वारा एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने जातो तिथे कपडे घाला. ऊन नसले तरी चालेल, वारा हवा. घरात वीज असेल तर पंखा लावा. ७५ वॅटचा पंखा तेरा तास चालला तर एक युनिट वीज जळते. नवा सदरा त्याहून महाग आहे. मात्र ओल्या हाताने बटण दाबू नका.

दोन कपड्यांत वीतभर अंतर ठेवा. एकावर एक चढवू नका. सदरा, पँट उलटी करून घाला. खिसे बाहेर काढा. परकराचा नेफा आणि पँटचा कमरपट्टा सगळ्यांत उशिरा वाळतो, तो वाऱ्याकडे करा. मधून एकदा कपडे फिरवा. आणि ती जीनची पँट! तरुण मंडळींना फार आवडते. पावसाळ्यात ती पँट म्हणजे पाण्याची पखाल आहे. दोन दिवस वाळत नाही. शहरातली माणसे काही घालोत, भातलावणीच्या दिवसांत तिला पेटीत राहू द्यावे.

आता दोरीविषयी. हे नीट ऐका, कारण इथे जिवाशी गाठ आहे.

कपडे वाळत घालायला पुष्कळ घरी लोखंडी तार बांधतात. एक टोक पत्र्याच्या शेडला, दुसरे विजेच्या खांबाला. विजेच्या वायरीचे कातडे कुठेतरी सोललेले असते. ती वायर पत्र्याला टेकते. पावसात सगळे ओले होते आणि तारेत वीज उतरते. बाई ओला कपडा टाकायला हात वर करते आणि तारेलाच चिकटते. तिला सोडवायला धावणाराही चिकटतो. २०२४ सालच्या जून महिन्यात पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यातल्या एका गावी, एकाच घरातली तीन माणसे अशी गेली. म्हणून तार नको. काथ्याची किंवा नायलॉनची दोरी बांधा, नाहीतर बांबू बांधा. विजेच्या खांबाला, मीटरच्या वायरीखाली, पत्र्याला काही बांधू नका. आज घरी गेल्यावर आधी तुमची वलणी पाहा. आणि कोणी चिकटलेले दिसले तर त्याला हात लावू नका. आधी वीज बंद करा.

आता एक गोष्ट सांगायची आहे. ती बोलायला संकोच वाटतो. भगिनींना वाटेल, चारचौघांत हे कशाला? पण पुरुषांनीही ऐकावे, म्हणून चारचौघांतच सांगतो.

मासिक पाळीचे कापड बाया कुठे वाळवतात? कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून न्हाणीच्या कोपऱ्यात, गोठ्यात, नाहीतर दुसऱ्या ओल्या कपड्याखाली. तिथे वारा नाही, ऊन नाही. ते कापड वाळतच नाही. पुढच्या वेळी तेच ओलसर कापड घ्यावे लागते. मग खाज सुटते, मांडीला पुरळ उठते, जखम होते. बाई सोसते आणि कोणाला सांगत नाही. सगळ्या घरात जे कापड सगळ्यांत कोरडे आणि स्वच्छ हवे, तेच सगळ्यांत ओले राहते. हे काही देवाने ठरवलेले नाही. त्या कापडाला वाऱ्याची आणि उन्हाची जागा द्या. उघड्यावर घालायला मन धजत नसेल तर वर पातळ ओढणी टाका. तिच्यातून वारा खेळतो. पावसाळ्यात ते कापड गरम इस्तरीने कोरडे करून ठेवा. आणि पुरुषांनो, मागच्या दोरीवर काय घातले आहे, याची चौकशी तुम्ही करू नका. तेवढी मदत पुरे आहे.

पुरुषांचेही तसेच आहे. ओलसर लंगोट किंवा चड्डी घालून दिवसभर चिखलात काम केले, की जांघेत नायटा उठतो. त्याला गजकर्णही म्हणतात. ही एक बुरशीच आहे. ती कपड्यातून, पंचातून एकाची दुसऱ्याला लागते. गेल्या काही वर्षांत हा रोग सगळ्या देशात फार पसरला आहे आणि लवकर बरा होत नाही. ज्याला नायटा झाला आहे त्याचा पंचा वेगळा, कपडे वेगळे. त्याचे कपडे गरम पाण्यात धुवावेत. दुकानातून कोणतेही मलम आणून चोळू नये. काही मलमांनी खाज थांबते, पण रोग आत वाढतो. आरोग्य केंद्रात जाऊन दाखवावे आणि सांगतील तितके दिवस औषध घ्यावे. खाज थांबली की औषध सोडणारे पुष्कळ आहेत, आणि महिन्याने तेच पुन्हा रांगेत दिसतात.

आता तुम्ही विचाराल, "ज्या कपड्याला वास लागलाच आहे, त्याचं काय?"

असा कपडा वाळल्यावर चांगला वाटतो. अंगात घातला, घाम आला, की वास पुन्हा उठतो. याचे कारण सोपे आहे. वाळल्याने काही जंतू मरत नाहीत, ते झोपतात. घामाची ओल मिळाली की जागे होतात. त्यांना उष्णता हवी. आपल्या परीटदादांना हे जंतूंचे नाव न घेताही माहीत होते. ते कपड्यांना सोडा लावून भट्टी देत. म्हणून तर परीटघडीच्या कपड्याला कधी वास येत नसे. तुम्ही घरी तसेच करा. पांढरे सुती कपडे असतील तर मोठ्या पातेल्यात पाणी उकळा. त्यात थोडा धुण्याचा सोडा टाका. कपडे पंधरा मिनिटे उकळा, मग धुवा. रंगीत किंवा नायलॉनचा कपडा उकळू नका. रंग जाईल, नाहीतर कपडा आकसेल. तो हाताला सोसवेल इतक्या गरम पाण्यात भिजवा, धुवा आणि पहिले कडक ऊन पडेल त्या दिवशी उलटा करून घाला.

वर अत्तर शिंपडून किंवा धूप दाखवून काही होत नाही. सुवासिक साबणानेही होत नाही. दोन वास एकत्र येतात, एवढेच. साबण जास्त लावला तर उलट तोटा होतो. तो नीट निघत नाही आणि कपडा चिकट राहतो. साबण बेताचा घ्या आणि पाणी दोनदा-तीनदा बदला. पावसाळ्यात नदीचे पाणी गढूळ असते. शेवटच्या खळबळण्याला तरी पागोळीचे स्वच्छ पाणी वापरा. पहिल्या पावसाचे धरू नका. त्यात कौलांवरची घाण असते. आणि पावसाळ्यात कपड्याला खळ घालू नका. खळ म्हणजे पीठच. बुरशीला मेजवानी होते.

कपडे भिजवायचे असतील तर तासभर भिजवा, रात्रभर नको. शेतावरून भिजून आलात की कपड्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. लगेच धुणे होत नसेल तर निदान दोरीवर पसरा. वास पुष्कळदा त्या कोपऱ्यातच जन्माला येतो. आता काही घरांत धुण्याचे मशीन आले आहे. त्यानेही हाच नियम. धुणे झाले की कपडे लगेच बाहेर काढा आणि झाकण उघडे ठेवा.

कपडा वाळला की नाही, हे हाताला नीट कळत नाही. गालाला लावून पाहा. शिवण आणि नेफा लावून पाहा. गार लागला तर आत ओल आहे. तसा कपडा घडी करून पेटीत ठेवू नका. एक ओलसर कपडा सगळ्या पेटीला वास लावतो. थोडी ओल राहिली असेल तर इस्तरी फिरवा. इस्तरी नसेल तर पितळी तांब्यात निखारे घालून, फडक्याने धरून फिरवा. आपल्या वडीलधाऱ्यांनी असेच केले. मग कपडा लगेच घडी करू नका. थोडा वेळ वाऱ्यावर निवू द्या. पेटी भिंतीला लावू नका, पावसाळ्यात भिंतीला ओल चढते. खाली दोन विटा ठेवा. डांबराच्या गोळ्या किंवा कडुलिंबाचा पाला ठेवला तर कसर लागत नाही, हे खरे. पण ओलीवर त्याचा उपाय चालत नाही.

मागच्या खेपेला एका म्हाताऱ्या बाईंनी विचारले होते, "बाबांनो, गोधडीचं काय? ती काय सुकते का पावसात?"

सुकत नाही. म्हणून ती पावसात धुवायचीच नाही. गोधडी मृगाच्या आधी धुवायची, दोन-तीन कडक उन्हे द्यायची. पुन्हा धुवायची ती पावसाळा सरल्यावर, घटस्थापनेच्या आधी. आपल्या बाया हे पहिल्यापासून करत आल्या आहेत. मधल्या चार महिन्यांत तिला ओले लागू द्यायचे नाही. निजणाऱ्याचे पाय कोरडे हवेत. गोधडीखाली चटई हवी, नुसती जमीन नको. सकाळी उठल्यावर लगेच घडी न करता ती तासभर दांडीवर उघडी टाकावी. अंगाचा घाम तिने रात्रभर प्यालेला असतो. आणि पावसाळ्यात एखाद्या दिवशी दुपारी ऊन पडलेच, तर हातातले काम तसेच टाकून आधी गोधड्या बाहेर काढाव्यात. ते ऊन कधी जाईल, याचा नेम नसतो.